अकरा मिनिटांचं रीळ

हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमकडून निघालेले मोर्चे कुठं अडवले जातात, हे नागपुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कोणता टेकडी रोडला, कोणता मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला. बॅरिकेडपाशी घोषणांचा जोर चढतो, नेते गाडीच्या टपावर उभे राहतात, वाहिन्यांचे कॅमेरे समोर येतात. थोड्याच वेळात त्यांचं काम आटोपतं, कारण तोवर दुसऱ्या पॉइंटला पुढचा मोर्चा येऊन ठेपलेला असतो. शिष्टमंडळ पोलिसांच्या गाडीतून मंत्र्यांना भेटायला जातं आणि मागे राहिलेली माणसं रस्त्यावरच बसकण मारतात. रात्रीच्या गाडीनं आलेल्या बाया पिशवीतली शिदोरी सोडतात, कुणी चप्पल उशाला घेऊन आडवं होतं. दिवस कलल्यावर शिष्टमंडळ परतून येतं. निवेदन दिलं, पोच मिळाली, साहेब बघतो म्हणाले. तो ‘बघतो’ ऐकताना समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते टिपायला तिथं कुणीही थांबलेलं नसतं.

राजकीय माहितीपट करणाऱ्या माणसाचं काम त्या वेळी सुरू होतं. तो थांबतो, तिच्यासोबत गावी जातो, पुढच्या डिसेंबरात पुन्हा येतो. माहितीपट म्हणजे लांबवलेली बातमी, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. माझ्या मते खरा फरक परत जाण्यात आहे. त्याच माणसाकडे, त्याच वस्तीत, त्याच जुन्या डब्यातल्या रिळाकडे आणि वेळ आली तर त्याच कोर्टाच्या पायरीवर परत जाणं. माहितीपटकार आनंद पटवर्धनांची पन्नास वर्षांची वाटचाल या दृष्टीनं बघण्यासारखी आहे. नागपुरात कॅमेरा हाती घेऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी तर ती कामाची वही म्हणून वाचावी.

पटवर्धन १९५० साली मुंबईत जन्मले. मुंबईत इंग्रजी साहित्य, मग अमेरिकेत समाजशास्त्र आणि परत आल्यावर किशोर भारती. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की पुढे लागणाऱ्या तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातला तो ग्रामीण शिक्षणाचा प्रकल्प. १९७४ मध्ये जयप्रकाशांचं आंदोलन पेटलं तेव्हा ते बिहारला गेले. हाती होता सुपर एट कॅमेरा, म्हणजे घरच्या समारंभांसाठी वापरायचं खेळणं. त्याचं एक काडतूस ५० फुटांचं, सेकंदाला १८ चौकटींनी चालवलं तर ३ मिनिटं २० सेकंदात संपणारं. ते चित्रण पडद्यावर पाडून १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यानं पुन्हा टिपलं, तेव्हा कुठं ते दाखवण्याजोगं झालं. असं केल्यानं चित्राचे दाणे सुटतात, कडा विरघळतात, काळे भाग अधिक काळे होतात. पण रस्त्यावर उतरलेली ती गर्दी त्यात आहे.

फिल्म पूर्ण होते न होते तोच आणीबाणी लागली. प्रती दडवाव्या लागल्या. एक प्रत तुकडे करून वेगवेगळ्या माणसांच्या सामानातून देशाबाहेर गेली आणि तिकडे पुन्हा जोडली गेली. फिल्मचा तुकडा म्हणजे नुसती पट्टी. खिशात, पुस्तकात, डब्यात कुठंही मावणारी. जोडायला सिमेंट म्हणजे फिल्मचा डिंक, नाहीतर चिकटपट्टी. पण तुकड्यांचा क्रम लिहून ठेवलेला नसेल तर जोडणार कसं? फिल्मच्या कडेला कारखान्यातूनच छापून येणारे आकडे असतात. ते बघून कुठल्या तुकड्यामागे कुठला तुकडा हे ठरवता येतं. या पेशात क्रम आणि नोंद यांना इतकं महत्त्व का, याचं उत्तर या गोष्टीत आहे.

थोडा हिशेब मांडतो, कारण आज मोबाइलवर तासन्‌तास चित्रण करणाऱ्याला त्याशिवाय ते दिवस कळायचे नाहीत. १६ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात ४० चौकटी. सेकंदाला २४ चौकटी म्हणजे मिनिटाला ३६ फूट. मोठं रीळ ४०० फुटांचं, ते जेमतेम ११ मिनिटं चालतं. तासाभराच्या फिल्मसाठी दहापट चित्रण करायचं म्हटलं तर २१,६०० फूट, म्हणजे ५४ रिळं. कच्ची फिल्म विकत घ्यायची, लॅबला धुवायला द्यायची, तिची कामाची प्रत काढायची, प्रत्येक टप्प्यावर पैसे मोजायचे. रीळ बदलायला काळ्या कापडाची पिशवी. दोन्ही हात बाह्यांतून आत घालून, न बघता, बोटांच्या अंदाजानं फिल्म दात्यांत बसवायची. उन्हाळ्यात त्या पिशवीत हाताला घाम सुटतो, ओलं बोट इमल्शनला, म्हणजे फिल्मवरच्या चित्र धरणाऱ्या थराला, लागलं की डाग पडतो. चेन नीट बंद झाली नसेल तर रिळाच्या कडेनं प्रकाश घुसतो आणि धुतल्यावर चित्राच्या बाजूला आगीची जीभ लागल्यासारखा पट्टा दिसतो. कॅमेऱ्याच्या खिडकीत केसाएवढा तुकडा अडकला तर तो अख्ख्या रिळात थरथरत राहतो. आवाज वेगळा. नाग्रा या ध्वनिमुद्रण यंत्रावर पाव इंची टेप, सेकंदाला साडेसात इंच वेगानं. चित्र आणि आवाज जुळवायला दर वेळी समोर टाळी वाजवायची. टाळी विसरली, तर संकलनाच्या टेबलावर ओठ बघत एकेक चौकट मागेपुढे सरकवत बसायचं.

या टंचाईनं एक शिस्त लावली. कॅमेरा सुरू करण्याआधी ऐकून घ्यावं लागायचं. समोरचा माणूस आता खरं बोलणार, हे त्याच्या श्वासावरून ओळखावं लागायचं. पटवर्धनांच्या फिल्म्समध्ये कॅमेऱ्यामागून प्रश्न ऐकू येतो, साधा, चढ्या आवाजातला नाही. बऱ्याचदा कॅमेराही त्यांच्याच हातात असतो. उत्तर संपल्यावरही कॅमेरा लगेच बंद होत नाही. बोलणारा आपलं वाक्य स्वतःच ऐकतो आणि गडबडतो, किंवा आणखी ठाम होतो. अकरा मिनिटांच्या रिळातली दहा सेकंदं त्या शांततेवर खर्च करायची, हा निर्णय मला त्यांच्या सगळ्या कामाचा गाभा वाटतो.

१९७८ मध्ये राजकीय कैद्यांवरची ‘जमीर के बंदी’, मग कॅनडात शिकत असताना तिथल्या शेतमजुरांच्या संघटनेवर केलेली फिल्म आणि १९८५ मध्ये ‘हमारा शहर’. मुंबईच्या झोपडपट्ट्या पाडल्या जात होत्या, त्या पाडापाडीची ही फिल्म. तिच्यात एक शाहीर गातो. नाव विलास घोगरे. तेव्हा तो या फिल्ममधला एक आवाज होता, एवढंच. ‘हमारा शहर’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण दूरदर्शनवर यायला कोर्टात जावं लागलं आणि वर्षं गेली.

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलीस दलानं गोळीबार केला आणि १० जण मेले. पुढच्या काही दिवसांतच विलास घोगरेंनी गळफास घेतला. कपाळाला निळी पट्टी बांधलेली होती. पटवर्धनांकडे या माणसाचा आवाज होता, १९८५ च्या फिल्ममधला. तिथून जी फिल्म सुरू झाली ती पुरी व्हायला १४ वर्षं लागली. ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ मध्ये पूर्ण झाली, लांबी तीन तासांच्या पुढे. रमाबाई नगरातल्या घरांकडे, गोळीबाराच्या खटल्याकडे, गाणाऱ्या माणसांकडे ते जात राहिले. मधल्या काळात २००६ चं खैरलांजी घडलं, आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यातलं, ज्याच्या निषेधाची धग नागपूरच्या रस्त्यांनी सोसली. तेही फिल्ममध्ये आलं.

चौदा वर्षं म्हटलं की आपण चिकाटीचं कौतुक करून मोकळे होतो. त्यामागचं काम डोळ्यांसमोर आणून बघा. १९८५ च्या फिल्मसाठी टिपलेलं गाणं १९९७ ला सापडावं लागतं. म्हणजे निगेटिव्ह आणि आवाजाची टेप कुठंतरी थंड, कोरड्या जागी शाबूत हवी. डब्यावर नंबर हवा. त्या नंबरापुढे वहीत तारीख, जागा, फूट किती, कोण बोलतंय, काय गातंय, हे लिहिलेलं हवं. ‘मुंबई, गाणं, २’ एवढंच खरडलेल्या डब्याचा बारा वर्षांनी उपयोग नसतो.

डब्याचं झाकण उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर समजायचं की फिल्म मरायला लागली. ॲसिटेट फिल्म उष्णतेनं आणि दमटपणानं कुजते, त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं आणि तेच आम्ल कुजणं आणखी वाढवतं. शेजारच्या डब्यांनाही त्याची बाधा होते. पट्टी आकसते, वाकडी होते, प्रोजेक्टरच्या दात्यांवर बसत नाही. अशा वेळी लोक डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवतात आणि तिथंच घात होतो, कारण वाफ आतच कोंडते. वास येणारे डबे वेगळे काढायचे, हवेशीर ठेवायचे आणि जमेल तितक्या लवकर त्यांचं डिजिटल रूपांतर करून घ्यायचं. नागपूरच्या मे महिन्यात, जेव्हा पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या माळ्यावर ठेवलेलं काहीही जगत नाही. घरातली सर्वांत खालची, आतली, भिंतीपासून वीतभर सुटी जागा त्यातल्या त्यात बरी. पावसाळ्यात वर्तमानपत्रात गुंडाळू नये. कागद ओल धरतो आणि बुरशी चढते.

टेपचं दुखणं वेगळं. साधारण १९९५ नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत आंदोलनांचं चित्रण मिनी डीव्हीच्या छोट्या कॅसेटवर झालं. विदर्भातही शेतकरी आत्महत्या, गोसेखुर्दचे विस्थापित, कोळसा खाणी यांचं त्या काळातलं कुणाकुणाचं चित्रण अशाच कॅसेटवर कपाटात पडलेलं असणार. एक कॅसेट ६० मिनिटांची, संगणकावर उतरवली की सुमारे १३ जीबी. पण ती तितक्याच वेळात उतरते, तासाला तास. त्यासाठी चालू कॅमेरा किंवा कॅसेट चालवणारा डेक लागतो, फायरवायरची वायर लागते आणि ते छिद्र नव्या लॅपटॉपांना उरलेलं नाही. म्हणून असा जुना कॅमेरा भंगारात देऊ नये. लावण्याआधी कॅसेटच्या पाठीवरची छोटी पट्टी ‘सेव्ह’कडे सरकवावी, म्हणजे चुकून त्यावर दुसरं चित्रण होणार नाही. मग एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून टेपचा ताण सारखा करावा. चित्रात चौकोन फुटायला लागले तर आधी यंत्राचं टेप वाचणारं हेड साफ करावं. टेप वाया गेली असं ठरवायची घाई करू नये.

आता तर सगळं कार्डावर. सेकंदाला १०० मेगाबिट्सनं चित्रण केलं तर तासाला ४५ जीबी. कार्ड भरलं की रिकामं करायचं, आणि तिथंच सर्वांत जास्त नुकसान होतं. दमून घरी आलेला माणूस फाइली एका हार्ड डिस्कवर ओढतो, कार्ड पुसतो आणि दोन वर्षांनी ती डिस्क टकटक आवाज करू लागते. नियम जुनाच आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या घरी. कार्ड पुसण्याआधी प्रत उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट बघायचा. डिस्क वर्षातून एकदा तरी चालवून बघायची. फोल्डरला नाव देताना तारीख आधी, मग जागा, मग विषय. ‘नवीन फोल्डर ३’ या नावानं किती आंदोलनं गाडली गेली असतील, या विचारानं खरंच जीव तुटतो. २३ नोव्हेंबर १९९४ ला याच शहरात, अधिवेशनावर आलेल्या गोवारी मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण गेले. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आज त्यांचं नाव आहे. त्या पुलावरून रोज जाणाऱ्या पोरांना ती संध्याकाळ दाखवायची तर कुणाच्या तरी कपाटातला, नीट नाव घातलेला डबाच लागणार.

नागपुरात मोर्चा टिपायचा तर आधी आवाजाचं बघावं. चित्र थोडं हललं तरी प्रेक्षक सोसतो, बोलणं कळलं नाही की उठून जातो. कॅमेऱ्यावरचा माइक लांबून सगळा गोंगाट एकसारखा भरतो. बोलणाऱ्याच्या तोंडापासून माइक हात-दीड हातावर हवा, त्यावर केसाळ टोपी हवी, नाहीतर वारा फडफडतो. आवाजाची पातळी साधारण उणे १२ डेसिबलवर शिखर येईल अशी ठेवायची, म्हणजे घोषणा उसळली तरी जागा उरते. भाषण भोंग्यासमोर उभं राहून घेऊ नये. भोंगा आवाजाचा खालचा आणि वरचा भाग खाऊन टाकतो. मंडपवाल्याच्या मिक्सरमधून थेट वायर घ्यावी. पण तो सिग्नल दणकट असतो, माइकच्या छिद्रात तसाच घातला तर फाटतो. रेकॉर्डरमध्ये लाइन निवडायची, ती सोय नसेल तर मध्ये २० ते ४० डेसिबल दाबणारा पॅड लावायचा. गुणगुण ऐकू आली तर रेकॉर्डर चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवायचा, बहुतेकदा तेवढ्यानं जाते. आवाजाचा नमुना दर ४८ किलोहर्ट्झ, चित्राच्या चौकटी सेकंदाला २५, शटर एक पन्नासांश, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि तिच्याशी न जुळणाऱ्या गतीवर मंडपाच्या ट्यूबलाइट चित्रात लुकलुकतात.

डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीही सूर्य डोक्यावर नसतो, दक्षिणेकडे निम्म्यावरच राहतो. त्याच्याकडे तोंड करून चित्रण केलं की पांढऱ्या टोप्या झळकतात आणि टोपीखालचे चेहरे काळे पडतात. कॅमेरा आपोआप टोपीचा उजेड धरतो, म्हणून उजेड हातानं ठरवायचा, चेहऱ्यावर. टोपी पांढरीफटक झाली तर होऊ द्यावी. साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. शिष्टमंडळ परतायची वेळही साधारण तीच, म्हणून निदान एक भरलेली बॅटरी तोवर राखून ठेवायची.

गाणं टिपायचा नियम मला वेगळा सांगावासा वाटतो, कारण विजयादशमीला दीक्षाभूमीच्या आसपास उभं राहिलं की दर काही पावलांवर कुणी ना कुणी गात असतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या टाळीपर्यंत आवाज तोडायचा नाही. पहिल्या वेळी गाणाऱ्याचा चेहरा. त्यानं दुसरं गाणं घेतलं की ढोलकीवरची बोटं, कोरस धरणारी मुलगी, मांडीवर ताल देणारा म्हातारा. पहिल्या गाण्यातले हात दुसऱ्या गाण्याला चिकटवायचे नाहीत. ताल चुकतो आणि जाणत्याला तो लगेच दिसतो. गाणाऱ्याला नाव, गाव, गाणं कुणाचं हे कॅमेऱ्यासमोरच विचारायचं. शाहिराचं नाव हरवलं की त्याची ओळ ‘पारंपरिक’ होऊन जाते. मरायच्या आधी कुणीतरी ती नावानिशी टिपली होती म्हणून विलास घोगरेंचा आवाज आज ऐकता येतो.

कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्याचं पुढे काय होतं, हेही या कामाचाच भाग आहे. पटवर्धनांच्या ‘राम के नाम’मध्ये, १९९० च्या रथयात्रेच्या काळात, अयोध्येतले न्यायालयानं नेमलेले पुजारी लालदास अत्यंत शांतपणे आपलं म्हणणं सांगतात. १९९३ मध्ये त्यांचा खून झाला. त्यानंतर ती मुलाखत बघताना प्रत्येक शब्द जड होतो. बोलणारा किती धोका पत्करतोय हे त्याला स्पष्ट सांगणं, त्याची संमती कॅमेऱ्यावर त्याच्याच भाषेत घेणं, वर्षानं पुन्हा विचारणं, ‘आता नको’ म्हणाला तर काढून टाकणं. कागदावरची सही फिल्मवाल्याला वाचवते, बोलणाऱ्याला नाही. चेहरा झाकायचा असेल तर नुसता धुरकट करून भागत नाही. आवाज, घराची भिंत, दारावरचा नंबर आणि मोबाइलनं फाइलीत गुपचूप लिहिलेलं ठिकाण, हे सगळं बघावं लागतं.

कोर्टाच्या वाटेवरही नागपूर लागतं. १९६९ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी सेन्सॉरविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, ती एका १६ मिनिटांच्या माहितीपटासाठी. चार महानगरांतली श्रीमंती आणि दैन्य शेजारी शेजारी दाखवणारा तो माहितीपट. सुनावणीदरम्यान सरकारनं पडतं घेतलं, पण न्यायालयानं १९७० मध्ये निकाल दिला की प्रदर्शनापूर्वीचं सेन्सॉर घटनेत बसतं, फक्त त्याचे निकष स्पष्ट हवेत. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, आणि १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. ज्या टी-पॉइंटला आज मोर्चे थांबतात तिथूनच ते शिकायला जात असतील. माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर आहे आणि त्या निकालाविषयी खंतही. बोलण्याआधी परवानगी मागायची पद्धत त्यानं पक्की केली.

पटवर्धन या चौकटीतच लढत आले. ‘जंग और अमन’ला २००२ मध्ये सेन्सॉरनं २१ काटछाटी सांगितल्या. त्यांनी एकही मान्य केली नाही, उच्च न्यायालयात गेले आणि २००३ मध्ये फिल्म अखंड सुटली. ‘राम के नाम’ दूरदर्शनवर दिसायला १९९७ उजाडलं, तेही कोर्टाच्या आदेशानं. ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ १९९५ ची फिल्म, तिच्या प्रसारणाचा हुकूम सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये दिला. अकरा वर्षं! २०१९ मध्ये ‘विवेक’ला केरळच्या महोत्सवात दाखवायला मंत्रालयानं सेन्सॉरमधून सूट दिली नाही, ती तिथल्या उच्च न्यायालयानं दिली. काटछाट मान्य करून मोकळं होणं सोपं असतं. पण ज्यानं एक काटछाट स्वीकारली त्याच्या फाइलवर पुढच्या वेळी दहा येतात. पूर्वी सेन्सॉरवर अपील ऐकणारं एक न्यायाधिकरण होतं, ते २०२१ मध्ये बंद झालं. आता थेट उच्च न्यायालय, म्हणजे वकील, तारखा आणि खर्च. म्हणून अर्जाच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक पत्र, प्रत्येक पोच, तपासणी समितीची प्रत्येक सूचना तारखेनिशी फाइलला लावायची. तोंडी सांगितलेली काटछाट लेखी मागायची.

आणि मग दाखवणं. ‘जय भीम कॉम्रेड’ जानेवारी २०१२ मध्ये आधी दाखवली गेली ती भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, उघड्यावर. ज्यांची फिल्म, त्यांच्यासमोर. तीन तासांची फिल्म वस्तीतले लोक बघणार नाहीत, हे फिल्म न दाखवणाऱ्यांचं मत आहे.

नागपुरातल्या इंदोऱ्यात किंवा इमामवाड्यात असा खेळ लावायचा तर आठ फूट रुंदीच्या चित्राला ३००० ल्युमेन उजेडाचा प्रोजेक्टर पुरतो, पण अंधार पक्का झाल्यावरच. रस्त्याचा दिवा पडद्यावर पडतो का, ते आदल्या दिवशी रात्री जाऊन बघायचं. कापडाचा पडदा वाऱ्यानं फुगतो आणि माणसांचे चेहरे लांबतात. त्यापेक्षा चुना मारलेली भिंत चांगली. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या थोडे वर. मागे ठेवले तर चित्र पुढून आणि बोलणं पाठीमागून येतं आणि डोकं दुखतं. दिवा असलेला प्रोजेक्टर वीज गेली की पंख्याविना तापतो, दिवा उडतो. म्हणून प्रोजेक्टरपुरता तरी यूपीएस. पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही आणि तीन तासांची फिल्म बहुतेकदा त्याहून मोठी असते. तो एक्सफॅट या मोठ्या फाइली घेणाऱ्या पद्धतीनं फॉरमॅट करून घ्यायचा आणि दोन न्यायचे. मराठी उपशीर्षकं वेगळ्या फाइलीत ठेवली तर प्रोजेक्टर वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे दाखवतो. ती चित्रातच उतरवून न्यावीत. लॅपटॉपची झोप बंद करावी. पुढची जागा सतरंजीची, मुलांसाठी. खुर्च्या मागे.

फिल्म संपली की दिवे लगेच लावू नयेत. लोक आधी आपसांत बोलतात. हा अमक्याचा पोरगा, ही तर आमच्या गल्लीतली, ही आता नाही राहिली. त्या बोलण्यासाठी नोंदवही सोबत आणलेली असावी. मोर्च्याच्या दिवशी घाईत लिहिलेल्या कितीतरी ओळी तिच्यात अर्ध्याच राहिलेल्या असतात: ‘कार्ड ४, टेकडी रोड, संध्याकाळ, निळ्या ओढणीतली बाई, नाव विचारायचं राहिलं’. कुणीतरी मागून सांगतं ती कोण, कुठली, कुणाची. मग ती ओळ खोडायची नाही. तिच्यापुढेच नाव लिहायचं, सांगणाऱ्याचं नाव कंसात आणि त्यापुढे आजची तारीख.